चोपण झालेल्या गोळ्या: दर्यापूरकडच्या एका प्लास्टिक-तेल भट्टीचं प्रकरण

डिसेंबरातली सकाळ होती. दर्यापूर तालुक्यातल्या एका गावाबाहेरच्या शेडमधून फोन आला, "सर, तेल गोठलं. नळीतून खालीच येऊन नाई राह्यलं." दुपारी तिथं पोचलो तेव्हा मुलांनी टाकीचं झाकण उघडून ठेवलं होतं. मी तुरीची एक काडी आत खुपसली, ती तशीच उभी राहिली. आत पिवळसर पांढरा, डालड्यासारखा घट्ट गोळा होता आणि वास विझलेल्या मेणबत्तीचा. महिन्यापूर्वी याच टाकीतून चहाच्या रंगाचं, पाण्यासारखं पातळ तेल कॅनमध्ये ओतताना मी पाहिलं होतं. भट्टी तीच, माणसं तीच आणि प्लास्टिकही त्याच बागांमधून आलेलं होतं.

मी काही वर्षं रिफायनरीच्या क्रॅकिंग विभागात, म्हणजे तेलाचे लांब रेणू तोडतात तिथं, काम केलं, आता अमरावतीत रसायनशास्त्र शिकवतो. ही भट्टी चालवणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटाला सुरुवातीपासून जमेल तशी मदत करत आलो. पुढे जे घडलं ते गटाच्या परवानगीनं, नावं गाळून लिहितो आहे. अशा लहान भट्ट्या उभारायचा विचार बरेच जण करतात, आणि त्यांच्याशी बोलताना भट्टीची किंमत, पत्र्याची जाडी, परवानग्या यांवर तासन् तास चर्चा होते. भट्टीत भरलेल्या ज्या गोळ्यांवर सगळं अवलंबून असतं त्यांच्याबद्दल मात्र कोणी विचारत नाही.

नळ्या कुठून आल्या

वरूड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर हा संत्र्याचा पट्टा. ठिबकाच्या काळ्या लॅटरल नळ्या तिथं बागोबाग पसरलेल्या आहेत. त्या उन्हानं तडकतात, खारी आणि उंदीर कुरतडतात, रानडुकरं पाण्याच्या ओढीनं फाडतात. अंबिया बहारासाठी हिवाळ्यात झाडं ताणावर सोडली की शेतकरी नळ्या गुंडाळतो, आणि तेव्हा कळतं की यातल्या कितीतरी पुन्हा अंथरायच्या लायकीच्या राहिल्या नाहीत. काही भंगारवाला किलोवर नेतो. उरलेल्या धुऱ्यावर पेटवल्या जातात. तो धूर ज्यानं एकदा छातीत घेतला आहे, त्याला या गटाची कळकळ समजावून सांगावी लागत नाही.

अकरा शेतकऱ्यांच्या गटानं ठरवलं की या नळ्या गोळा करून त्यांचं तेल काढायचं. एका सदस्याची बिगरशेती केलेली जागा दर्यापूरकडे होती, वस्तीपासून दूर आणि रस्त्याला लागून. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घेऊन भट्टी तिथं उभी राहिली. जागा ठरवताना रस्ता, वीज, वाऱ्याची दिशा हे सगळं पाहिलं गेलं. पाण्याचा विचार फक्त तेल थंड करण्यापुरता झाला, आणि त्यासाठी बोअरला पाणी भरपूर होतं.

ते पाणी खारपाणपट्ट्यातलं. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे. जमिनीखालच्या पाण्यात सोडियमचे क्षार इतके, की ते प्यायला चालत नाही. प्यायला लोक शहानूर धरणावरच्या योजनेच्या पाण्याची वाट पाहतात.

भट्टीत काय होतं

रचना साधी होती. नळ्यांची तीनशे किलो कुट्टी मावेल असं बंद लोखंडी भांडं, खाली जाळ. जाळ सुरू करायला तुराट्या आणि पऱ्हाटीच्या कांड्या, आणि एकदा वायू निघू लागला की तोच वायू परत बर्नरकडे. भांड्यातलं तापमान ४३० ते ४५० अंश सेल्सिअस. वितळून तुटलेल्या प्लास्टिकची वाफ एका उभ्या नळकांड्यातून वर जाते आणि त्या नळकांड्यात वीस किलो गोळ्या भरलेल्या असतात, बोटाच्या पेरापेक्षा लहान, खडूच्या तुकड्यांसारख्या. तिथून वाफ थंड नळ्यांमध्ये आणि मग टाकीत. हवा आत शिरू द्यायची नाही, त्यासाठी सुरुवातीला नायट्रोजन सोडायचा.

लॅटरल नळी पॉलिथिनची असते. पॉलिथिन म्हणजे कार्बनची हजारो कड्यांची सरळ साखळी. नुसत्या उष्णतेनं ती कुठंही तुटते, आणि वीस-तीस-चाळीस कड्यांचे जे सरळ तुकडे निघतात ते थंड झाल्यावर काडेपेटीतल्या काड्यांसारखे एकमेकांना चिकटून बसतात. त्यालाच आपण मेण म्हणतो. तेल हवं असेल तर तुकडे आखूड पाहिजेत आणि त्यांना फांद्या फुटलेल्या पाहिजेत, म्हणजे ते एकमेकांवर नीट रचले जात नाहीत आणि थंडीतही वाहते राहतात. हे तोडायचं आणि वाकवायचं काम गोळ्या करतात.

गोळ्यांमधला पदार्थ झिओलाइट, त्यातला झेडएसएम-५ नावाचा प्रकार. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या जाळीचा हा स्फटिक, आणि त्या जाळीत सारख्या मापाची भुयारं. झेडएसएम-५ मधल्या भुयाराचं तोंड साधारण साडेपाच अँगस्ट्रॉम रुंद, म्हणजे बेंझिनचा रेणू जेमतेम आत शिरेल इतकं. जाळीत जिथं सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसतं तिथं एका ऋण भाराची शिल्लक राहते. तो भार फेडायला कोणीतरी धन भाराचा सोबती लागतो. सोबती हायड्रोजन असेल तर ती जागा तीव्र आम्लाची होते, आणि त्या आम्लाच्या जागेवरच साखळी तुटते. सोबती दुसरा कोणी असेल तर भुयार तसंच राहतं, जाळी तशीच राहते, पण काम थांबतं. सगळं प्रकरण या एका वाक्यात आहे, पण आमच्या ते लक्षात यायला तीन आठवडे गेले.

ही विद्या लहान शेडमध्ये आली असली तरी तिचा वंश मोठा आहे. १७५६ साली स्वीडनच्या क्रॉनस्टेट यांनी एक खनिज तापवलं, ते उकळल्यासारखं फसफसलं, म्हणून त्यांनी ग्रीक शब्द जोडून 'उकळणारा दगड' अशा अर्थानं झिओलाइट हे नाव दिलं. १९३०च्या दशकात फ्रान्समधून अमेरिकेत गेलेल्या यूजीन हूड्री यांनी तेलाचं उत्प्रेरकी क्रॅकिंग, म्हणजे स्वतः न संपता क्रिया घडवणाऱ्या पदार्थाच्या (उत्प्रेरकाच्या) मदतीनं रेणू तोडणं, कारखान्यात आणलं. त्यांचा उत्प्रेरक होता आम्लानं प्रक्रिया केलेली चिकणमाती, आपल्या काळ्या जमिनीत जी माँटमोरिलोनाइट जातीची माती असते तिच्याच कुळातली. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मोबिल कंपनीच्या प्लँक आणि रोझिन्स्की यांनी तिथं झिओलाइट आणला आणि पेट्रोलचं उत्पादन पार बदलून गेलं. झेडएसएम-५ चं पेटंट १९७२ चं, तेही मोबिलचंच. पुढे त्याच झेडएसएम-५ वर न्यूझीलंडमध्ये मोटुनुई इथं १९८५ पासून नैसर्गिक वायूचं मिथेनॉल आणि मिथेनॉलचं पेट्रोल करणारा कारखाना चालला, कच्चं खनिज तेल न वापरता. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात एन्सिलाइट हा झिओलाइट उत्प्रेरक उद्योगापर्यंत पोचवला. टाकाऊ प्लास्टिकचं डिझेल करणारा, दिवसाला एक टन क्षमतेचा प्रकल्प डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेत २०१९ मध्ये सुरू झाला, आणि त्यात टनामागे सुमारे ८०० लिटर डिझेलचं गणित मांडलं गेलं. आमच्या गटाला शंभर किलो नळ्यांमागे ६५ ते ७० लिटर पातळ तेल मिळत होतं. झेडएसएम-५ बराचसा माल वायूत घालवतो, त्यामुळे हा आकडा मला समाधानकारक वाटत होता.

काय बिघडलं असं वाटलं

पहिले नऊ घाण चांगले निघाले. (भट्टीच्या एका भरणाला गटातली माणसं तेलघाण्याच्या सवयीनं घाण म्हणतात, मीही तेच म्हणतो.) दहाव्या-अकराव्याला तेल जरा जाड येऊ लागलं. हे अपेक्षित होतं. आम्लाच्या जागांवर काम होताना थोडा कार्बन साचत जातो, भुयारांची तोंडं बुजतात, गोळ्या काळ्या पडतात. त्यावर इलाज ठरलेला आहे: गोळ्या हवेच्या संथ झोतात ५०० ते ५५० अंशांवर तापवायच्या, कार्बन जळून जातो. झोत संथच हवा, कारण कार्बन जळताना स्वतः उष्णता देतो आणि तापमान हाताबाहेर गेलं तर जाळी मोडते. भट्टी सांभाळणाऱ्या मुलानं हे काम दिवसभर तापमापक डोळ्यांसमोर ठेवून, माझ्या अपेक्षेपेक्षाही नेटकं केलं. गोळ्या पुन्हा पांढऱ्या झाल्या.

आणि पांढऱ्या गोळ्या भरून काढलेला पहिलाच घाण मेणाचा निघाला.

गोळ्या काळ्या असत्या तर कार्बन जळला नाही म्हणता आलं असतं. या तर नव्यासारख्या दिसत होत्या. मग गटात जे बोललं जायला लागलं ते स्वाभाविक होतं: पुरवठादारानं नकली माल दिला. कोणी सांगितलं की मत्स्यतळ्यात टाकायची झिओलाइट पावडर बाजारात स्वस्त मिळते, तीच गोळ्या करून विकली असणार. एका सदस्यानं तर घरून विहीर खोदताना निघालेला फिकट गुलाबी स्फटिकांचा दगड आणला, "हेही झिओलाइटच हाये नं सर, मंग विकत काहून घ्याचं?" दगड खरोखर झिओलाइट होता. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांमध्ये स्टिलबाइट आणि ह्यूलँडाइट विपुल सापडतात, जगभरच्या संग्रहालयांत आपल्या भागातले नमुने आहेत. पण त्यांच्या भुयारांत निसर्गानं आधीच कॅल्शियम आणि सोडियम बसवून ठेवलेले असतात, तोंडं अरुंद असतात आणि भट्टीच्या तापमानाला त्यांची जाळी टिकत नाही. हे मी त्या दिवशी सगळ्यांना समजावून सांगितलं. 'सोडियम बसलेलं असतं' हे शब्द माझ्याच तोंडून गेले, तरी उत्तर तिथंच आहे हे मला दिसलं नाही. त्याची खंत आजही आहे.

माझा पहिला संशय पीव्हीसीवर होता, आणि तो निम्मा बरोबर निघाला. लॅटरल पॉलिथिनची असली तरी ठिबकाची मेन आणि सबमेन लाइन बहुतेक पीव्हीसीची असते. नळ्या गुंडाळताना तिचे तुकडे, जोड, कॉक सोबत येतात. पीव्हीसीत वजनाच्या निम्म्याहून जास्त, सुमारे ५७ टक्के क्लोरीन असतं, आणि तीनशे अंशांच्या आतबाहेरच ते हायड्रोक्लोरिक आम्ल होऊन सुटतं. तीनशे किलोत पाच किलो पीव्हीसी गेलं तरी जवळजवळ तीन किलो आम्लवायू तयार होतो. ठिबकचे ड्रिपर साफ करायला शेतकरी जे ॲसिड आणतात त्याचे साडेसात लिटर भट्टीत ओतल्यासारखं ते आहे, असं सांगितल्यावर सगळे गप्प झाले. ॲसिडचा कॅन उघडल्यावर काय होतं हे प्रत्येकाच्या नाकाला ठाऊक होतं.

तपासणी शेडमध्येच केली. तांब्याची तार गॅसच्या ज्योतीत लाल करायची, गरम टोक प्लास्टिकच्या तुकड्यावर टेकवायचं, थोडं चिकटलं की पुन्हा ज्योतीत धरायचं. लॅटरलचा तुकडा पिवळ्या ज्योतीनं जळला. राखाडी जोडाचा तुकडा धरला तर ज्योतीची कड हिरवी झाली, मोराच्या पिसातल्या हिरव्यासारखी. कुट्टीच्या ढिगातून मूठभर तुकडे बादलीभर पाण्यात टाकले. पॉलिथिन तरंगलं, आठ-दहा तुकडे तळाला गेले, आणि त्या सगळ्यांनी तारेवर हिरवी ज्योत दिली. थंड नळ्या उघडून पाहिल्या तर आतल्या बाजूला लोखंड खड्डे पडून कुरतडलेलं होतं.

तेव्हा पीव्हीसीमुळे भट्टीचं नुकसान होत होतं हे नक्की. पण पीव्हीसी पहिल्या नऊ घाणांतही असणार, आणि तेव्हा तेल पातळच होतं. एका घाणापुरतं नुकसान आम्लानं झालं असं धरलं तरी सगळ्या गोळ्या एका झटक्यात निकामी होणं यातून सुटत नव्हतं.

दोन पेले

गोळ्या नकली आहेत की मेल्या आहेत, हे ठरवायला महाग यंत्र लागत नाही. नशिबानं गटानं पहिल्या पोत्यातल्या मूठभर गोळ्या बरणीत जपून ठेवल्या होत्या. गावच्या शाळेतून दोन काचेचे पेले, खलबत्ता आणि लिटमस कागद आणले. दोन्ही पेल्यांत बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणि चिमूटभर मीठ. एकात बरणीतल्या गोळ्यांची पूड, दुसऱ्यात भट्टीतल्या पांढऱ्या गोळ्यांची. दोन्ही ढवळून अर्धा तास ठेवले.

यामागचं कारण असं. झिओलाइट आपला सोबती अदलाबदल करतो. मिठाच्या पाण्यातलं सोडियम भुयारात शिरतं आणि आतला हायड्रोजन बाहेर पाण्यात येतो, पाणी आंबट होतं. आत हायड्रोजनच नसेल तर बाहेर काही येणार नाही.

पहिल्या पेल्यात निळा लिटमस टाकला, टोकाकडून लाल होत गेला. दुसऱ्या पेल्यात तो निळाच राहिला. मी नवा कागद घेतला, तोही निळा. भट्टीवरचा मुलगा माझ्या खांद्यावरून पाहत होता. तो हळूच म्हणाला, "म्हंजे नवीन असतानी बरोबर होत्या."

पुरवठादारावरचा आरोप तिथंच मिटला. गोळ्या अस्सल होत्या आणि आमच्या हाताखाली मेल्या होत्या. मी त्या मुलाला विचारलं, कार्बन जाळल्यानंतर गोळ्या भरण्याआधी काय काय केलं ते मिनिटामिनिटाचं सांग. त्यानं सांगितलं, काही लपवलं नाही. जाळल्यावर गोळ्यांवर राख आणि मातीची भुकटी बसली होती. पुरवठादाराकडे फोन केला तर उत्तर मिळालं की गोळ्या स्वच्छ करून भरा. सोबत आलेली चार पानी माहिती इंग्रजीत होती, ती कोणी वाचली नव्हती. मग त्यानं दोनशे लिटरच्या ड्रममध्ये बोअरच्या पाण्यात गोळ्या रात्रभर भिजवल्या, सकाळी पाणी बदललं, असं चारदा केलं. उन्हात वाळवल्या. आतून थोड्या ओलसर असतील, पण भट्टीत सुकतीलच म्हणून भरल्या.

"धुतलं म्हून बिघडलं?" त्याचा चेहरा उतरला. मला त्या क्षणी त्याचा नाही, माझा राग आला. कार्बन कसा जाळायचा हे मी त्याला दोनदा शिकवलं होतं, आणि पाण्याबद्दल एक शब्द बोललो नव्हतो.

बोअरच्या पाण्याचा नमुना तपासून आणला. सोडियम लिटरला ६२० मिलिग्रॅम, सामू ८.४. आता हिशेब बघा. वीस किलो गोळ्यांत चतुर्थांश बांधणी पदार्थ (गोळीचा आकार धरून ठेवणारा), म्हणजे झिओलाइट पंधरा किलो. तीस सिलिकॉनमागे एक ॲल्युमिनियम असा तो माल होता. इतक्या झिओलाइटमधल्या सगळ्या आम्लजागा व्यापायला १८५ ग्रॅमच्या आसपास सोडियम पुरतं. मिठात मोजायचं तर अर्धा किलोपेक्षाही कमी, म्हणजे घरातल्या मिठाचा एक लहान पुडा. आणि चार ड्रम पाण्यातून जवळजवळ पाचशे ग्रॅम सोडियम त्या गोळ्यांवरून गेलं होतं. शिवाय त्या पाण्यात बायकार्बोनेट असतं. बाहेर आलेला हायड्रोजन ते लगेच संपवतं, त्यामुळे अदलाबदल मागे फिरत नाही, पुढेच सरकत राहते. प्रयोगशाळेत झिओलाइट मुद्दाम सोडियमचा करायचा असता तर मी याहून फार वेगळं केलं नसतं.

काकाजींचा शब्द

हे सगळं मी फळ्यावर खडूनं लिहून गटाला समजावत होतो. चेहरे थकलेले दिसत होते. एका सदस्याचे सत्तरीतले वडील, ज्यांना सगळे काकाजी म्हणतात, दाराशी खाटेवर बसून ऐकत होते. ते मध्येच बोलले:

"म्हंजे सर, आमच्या वावरासारखंच झालं हे. गोळ्या चोपन झाल्या तुमच्या."

मी खडू खाली ठेवला.

"खाऱ्या पान्यानं ओलीत केलं का जमीन अशीच मरते. वरून पाह्यलं तं काळीशार दिसते, अन् आत पानी मुरत नाई, पीक धरत नाई. माती कुठी जात नाई, पन कामाची राहत नाई."

शब्दशः तेच आहे. काळ्या मातीच्या कणांवरही ऋण भाराची शिल्लक असते आणि तिथं कॅल्शियम सोबती म्हणून बसलेलं असतं. खारं पाणी देत राहिलं की सोडियम त्याला हुसकून जागा घेतं, कण विस्कटतात आणि जमीन चोपण होते. अदलाबदलीचा नियम दोन्हीकडे एकच. रसायनशास्त्रात इतकी वर्षं घालवून मला जे सांगायला फळा भरावा लागला ते काकाजींनी एका शब्दात सांगितलं, कारण त्यांनी ते वावरात भोगलं होतं. गोळ्या पहिल्यांदा शेडमध्ये आल्या त्या दिवशी त्यांना जवळ बसवून कोणी सांगितलं असतं की ही एक प्रकारची मातीच आहे, तर बोअरचं पाणी त्यांनी जवळ येऊ दिलं नसतं, याची मला खात्री आहे.

मग त्यांनीच पुढचा प्रश्न विचारला. "वावरात जिप्सम टाकतो आपन. याले काई हाये का तसं?"

चोपण जमिनीला जिप्सम हा उपाय या भागात सगळ्यांना माहीत आहे, अकोल्याचं कृषी विद्यापीठही तोच सांगत आलं आहे. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला हटवतं आणि पावसाचं पाणी ते खाली नेतं. गोळ्यांना कॅल्शियम चालत नाही, त्यांना हायड्रोजन हवा. तीव्र आम्लात बुडवलं तर हायड्रोजन मिळेल, पण बांधणी पदार्थ झिजून गोळ्या भुसभुशीत होतात. म्हणून वळसा घ्यायचा: आधी अमोनियम बसवायचं, मग तापवायचं. अमोनिया उडून जातो आणि हायड्रोजन मागे राहतो. अमोनियम क्लोराइड म्हणजे कल्हईवाल्याकडचा नवसागर. हे नाव ऐकल्यावर शेडमधली मरगळ गेली. कल्हईच्या वेळी उठणारा तो पांढरा धूर तिथल्या बहुतेकांनी लहानपणी पाहिलेला होता.

दुरुस्ती

नवसागर आम्ही प्रयोगशाळेच्या प्रतीचा आणला, कारण बाजारातल्या खड्यात इतर क्षार असू शकतात. चाळीस लिटर डिस्टिल्ड पाण्यात सुमारे दोन किलो, स्टीलच्या पातेल्यात ८० अंशांपर्यंत गरम, त्यात गोळ्या दोन तास, लाकडी उलथन्यानं हलक्या हातानं हलवत. पाणी फेकून पुन्हा नवं द्रावण. असं तीनदा. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं धुवायचं, धुवण सिल्व्हर नायट्रेटच्या थेंबानं पांढुरकं होईनासं होईपर्यंत (क्लोराइड क्षार उरला असेल तर ते पांढुरकं होतं). याला खूप पाणी लागलं आणि अमरावतीहून कॅन आणावे लागले.

सावलीत वाळवणं, मग ११० अंशांवर रात्रभर. ही पायरी गाळायची नाही हे मी ठासून सांगितलं. मागच्या वेळी ओलसर गोळ्या एकदम तापल्या होत्या, आणि गरम वाफ जाळीतलं ॲल्युमिनियमच उखडून काढते. सोडियम बदलता येतं, उखडलेलं ॲल्युमिनियम परत बसवता येत नाही. त्यानंतर मिनिटाला एक-दोन अंश अशा गतीनं ५०० च्या पुढे, आणि तिथं पाच तास. तापमान चढत असताना धुराड्याच्या तोंडाशी नाकाला झोंबणारा वास आला, बंद गोठ्यात सकाळी येतो तसा. मुलगा धावत सांगायला आला, "सर, अमोनिया निघून राह्यला!" इतक्या आनंदानं या वासाची बातमी मला आजवर कोणी दिली नव्हती.

लिटमस लाल झाला. कॉलेजात नीट अनुमापन केलं, म्हणजे आम्ल किती ते मोजलं, तेव्हा ताज्या गोळ्यांच्या तुलनेत चार-पंचमांशाच्या आसपास आम्लजागा परत आलेल्या दिसल्या. उरलेला पाचवा हिस्सा वाफेनं नेला असं मी समजतो.

जानेवारीतल्या पहिल्या घाणाचं तेल बाटलीत भरून रात्रभर शेडच्या पत्र्यावर उघड्यावर ठेवलं. सकाळी दहिवर पडलेलं, हात गारठलेले. बाटली आडवी केली, तेल सरसर वाहिलं.

आता काय चालू आहे

कुट्टी भट्टीत जाण्याआधी दोन मोठ्या टाक्यांमधून जाते. जे बुडतं ते बाजूला. हे काम गावातल्या तीन मावश्या करतात आणि जोड, कॉक, सबमेनचे तुकडे त्या हाताच्या स्पर्शानंच ओळखतात, तार क्वचितच लागते. ही टाकी बोअरच्या पाण्याचीच आहे. त्यामुळे कुट्टी नीट निथळून वाळवली जाते. जो क्षार उरतो तो भांड्यातल्या काजळीसोबत तळाला राहतो, वाफेबरोबर गोळ्यांपर्यंत चढत नाही. गोळ्या प्लास्टिकमध्ये मिसळून वापरायच्या रचनेत हे चाललं नसतं, त्यामुळे वेगळ्या नळकांड्याचा सुरुवातीचा आग्रह कामी आला.

तेल डिझेल नाही, हे मी प्रत्येक बैठकीत सांगतो आणि इथंही सांगतो. त्यात ओलेफिन आणि ॲरोमॅटिक घटक पुष्कळ असतात, ठेवून दिलं की डिंक धरतं. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ इंधन लागू आहे, त्या कसोटीला हे उतरत नाही. गटातल्या एकानं पाण्याच्या जुन्या इंजिनात घालून पाहिलं, चार दिवसांत नोझल चिकटलं. ट्रॅक्टरमध्ये तर अजिबात नको. हे भट्ट्यांचं जळण आहे आणि त्याच कामासाठी परवानाधारक खरेदीदाराकडे जातं. पैशाच्या बाजूनं गट अजून तोट्यातून नुकता वर येतो आहे. गोळ्या किती पुनरुज्जीवनं सहन करतात यावर पुढचं गणित ठरेल, म्हणून आता प्रत्येक जाळणीनंतर दोन पेल्यांची चाचणी होते आणि निकाल वहीत लिहिला जातो. वही मुलाच्या हस्ताक्षरात आहे, लिटमसचे तुकडे तारखेसह पानावर चिकटवलेले.

चार पानी इंग्रजी माहितीचं मराठी त्यानं आणि मी मिळून केलं, आणि ते पत्र्याला लावलं आहे. राख आता धुतली जात नाही, चाळणीत हलक्या हवेनं उडवली जाते. तरीही एखाद्या वेळी नवसागराची पाळी येईल, तेव्हा शहराहून कॅन आणणं परवडणार नाही. काकाजींनी त्यावर तोडगा काढला. शेडच्या पत्र्याला पन्हाळ लावून खाली झाकणाची टाकी बसवली आहे. मृगाचे पहिले दोन पाऊस पत्रा धुऊन जाऊ द्यायचे आणि तिसऱ्या पावसाचं पाणी टाकीत घ्यायचं, असं त्यांनी ठरवून दिलं आहे. यंदा तिसऱ्या पावसाच्या वेळी मी तिथं होतो. टाकीतलं पाणी आधी दुसऱ्या पेल्यात घेऊन मुलानं त्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला. पाणी नितळ राहिलं, मग त्यानं झाकण लावलं.